कोरड्या दिवसांतील बोट

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सायंकाळी आमच्या परड्यातून मोटरचा आवाज येऊ लागला की शेजारची मुले कुंपणापाशी गोळा होतात. पत्र्याच्या शेडसमोर पाण्याने भरलेले मोठे पिंप असते, त्यात बोटीच्या इंजिनाचे खालचे टोक बुडवलेले असते आणि इंजिनाच्या कुशीतल्या बारीक भोकातून पाण्याची एक धार बाहेर पडत असते. मी हातात घड्याळ घेऊन त्या धारेकडे पाहत उभा असतो. दहा मिनिटे धार एकसारखी राहिली की इंजिन बंद करायचे, वहीत तारीख टाकायची आणि पिंप उपडे करायचे. रस्त्याने जाणारा एखादा हटकून विचारतो, "मास्तर, पिंपातनं किती लांब गेलासा?" उसाच्या गावात, भर उन्हाळ्यात, नदीचे पात्र आटलेले असताना एक निवृत्त शिक्षक पिंपात बोट चालवतो, हे दृश्य हसण्यासारखे आहेच. मलाही पूर्वी हसू येत असे. ते कसे मावळले, त्याची ही हकीकत आहे.

बोट माझी नव्हे, ती मामांची. आईचे हे धाकटे भाऊ. तरुणपणी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली आणि 1982 साली आखातात गेले. तेथे चोवीस वर्षे त्यांनी एका जलक्रीडा क्लबाच्या बोटी सांभाळल्या. आम्हा मुलांना त्यांची पत्रे येत, त्यांत वाळवंटापेक्षा पाण्याचेच वर्णन अधिक. माणसे एका फळीवर उभी राहून बोटीमागे दोरीने ओढली जातात आणि पाण्यावरून वाकडीतिकडी धावतात, असे त्यांनी लिहिले तेव्हा आम्हाला ती थाप वाटली होती. आमच्या कृष्णा-पंचगंगेच्या काठी होडी माहीत होती, होड्यांच्या शर्यतीही माहीत होत्या. सांगलीला नदीत शर्यती लागल्या की वल्ही मारणाऱ्यांना ओरडून बळ देणारी माणसे दोन्ही काठांवर उभी राहत. पण बोट आपली सरळ जाणार आणि स्पर्धा करणार तो तिच्या मागचा माणूस, ही कल्पना आम्हाला नवीन होती.

पुढे मामांनीच ती समजावून सांगितली. हा खेळ तसा फार जुना नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील लेक सिटी या गावी राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने 1922 च्या जुलैमध्ये, भावाने चालवलेल्या मोटरबोटीमागे, लाकडाच्या दोन फळ्यांवर उभे राहून दाखवले. त्याआधी त्याने पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या होत्या, बर्फावर घसरण्याच्या पट्ट्याही बांधून पाहिल्या होत्या; प्रत्येक वेळी तो बुडाला. फळ्यांची टोके पाण्याबाहेर ठेवून मागे रेलायचे, एवढी एक गोष्ट उमगली आणि तो उभा राहिला. सत्तावीस वर्षांनी, 1949 मध्ये, फ्रान्समध्ये या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो प्रदर्शनीय खेळ म्हणून खेळला गेला.

त्यातील स्लालम हा प्रकार मामांच्या विशेष आवडीचा. दोनशे एकोणसाठ मीटर लांबीचा एक मार्ग पाण्यावर तरंगत्या गोळ्यांनी आखलेला असतो. मधोमध बोटीसाठी दोन मीटर तीस सेंटिमीटर रुंदीची गल्ली. बोटीची रुंदी वजा केली तर दोन्ही बाजूंना हातभरसुद्धा मोकळीक उरत नाही. या गल्लीच्या मध्यरेषेपासून साडेअकरा मीटर अंतरावर, एक उजवीकडे, एक डावीकडे, असे सहा गोळे असतात. खेळाडू एकाच फळीवर उभा राहून सहाही गोळ्यांना बाहेरून वळसा घालतो. पुरुषांसाठी बोटीचा सर्वाधिक वेग ताशी अठ्ठावन्न किलोमीटर, स्त्रियांसाठी पंचावन्न. तो वेग गाठूनही खेळाडू पडला नाही, तर दोरी आखूड करीत जायचे. पूर्ण दोरी सव्वाअठरा मीटरची. ती टप्प्याटप्प्याने इतकी आखूड होते, की गोळ्यापर्यंतच्या साडेअकरा मीटरपेक्षाही कमी उरते. मग उरलेले अंतर खेळाडूने आपले अंग आडवे टाकून, हात लांबवून गाठायचे. अठ्ठावन्नच्या वेगाने हा सारा मार्ग सोळा सेकंदांत संपतो.

"सगळे त्या खेळाडूकडे बघतात," मामा म्हणत, "बोटीकडे कुणीच बघत नाही. आणि बोटीकडे कुणी बघू नये, हीच बोटीची परीक्षा." खेळाडू एकदा उजवीकडून ओढतो, एकदा डावीकडून, तरी बोट रेषा सोडता कामा नये आणि वेगही ढळता कामा नये. म्हणून अशा बोटीचे इंजिन मागे टांगलेले नसते. ते बोटीच्या मध्यभागी, एका पेटीखाली बसवलेले असते, आणि ज्या खांबाला दोरी बांधायची तो खांबही त्याच्यालगत, मध्यावर असतो. दोरी मागच्या टोकाला बांधली तर ओढणारा माणूस बोटीचे ढुंगण हवे तिकडे फिरवतो. मध्यावर बांधली तर बोट आपल्या तोंडाच्या दिशेने जाते. तळाला माशाच्या परासारख्या धातूच्या पट्ट्या असतात, त्याही तिला सरळ ठेवण्यासाठीच. तळाचा आकार असा, की मागे उठणारी लाट कमीत कमी असावी, कारण तीच लाट खेळाडूला दर वळणावर दोनदा ओलांडायची असते. पुढील काळात संगणक आणि उपग्रह यांच्या साह्याने वेग राखणारी यंत्रे आली. मामांच्या उमेदीत मात्र चालवणाऱ्याचा हात आणि काठावरच्या पंचाचे घड्याळ एवढ्यावरच सारे चाले.

मामांच्या ताब्यातील बोट ऐंशीच्या दशकाच्या आरंभीची होती. क्लबाकडे नवी घेण्याइतका पैसा नव्हता, आणि स्पर्धा तर दर हिवाळ्यात व्हायच्या. 1993 च्या उन्हाळ्यात मामांच्या ध्यानात आले, की बोट पूर्वीसारखी उठत नाही. मागची लाट वाढली आहे. खेळाडू कुरकुरत आहेत. सर्वांनी इंजिनाला दोष दिला. मामांनी हातोडीच्या दांड्याने आतील तुळया ठोकून पाहिल्या. त्या काळच्या बोटींचे बाह्यांग फायबरचे असले तरी आतील आडव्या-उभ्या तुळया लाकडाच्या असत, वरून फायबर चढवलेल्या. चांगल्या लाकडाचा आवाज खणखणीत येतो. येथे भिजल्या पोत्यावर ठोकल्यासारखा आला. इंजिन ज्या बोल्टांनी तुळईला धरलेले, ते बोल्ट पान्याने फिरवले तर फिरतच राहिले. धरायला आत लाकूडच उरले नव्हते. कधीतरी कुणीतरी एक स्क्रू मारला, त्याच्या भोकात रबराचा लेप भरायचा आळस केला, आणि त्या भोकातून थेंब थेंब पाणी वर्षानुवर्षे आत जात राहिले. फायबरच्या आवरणामुळे ते बाहेरही पडू शकले नाही. वरून बोट चकचकीत आणि आतून कुजलेली. "बोट पाणी प्यायली होती," एवढेच मामा म्हणत.

त्या उन्हाळ्यात त्यांनी बोटीचा तळ उघडला, कुजके लाकूड खरवडून काढले, नव्या तुळया बसवून त्यांवर राळेचे आणि फायबरचे थर चढवले. मग इंजिन पुन्हा बसवताना दांडा आणि इंजिन एका रेषेत आणण्याचे काम. दोन्हींची तोंडे जेथे जुळतात तेथे चारही बाजूंनी पातळ पात्याचे माप घालून पाहायचे; इंचाच्या हजारांत तीन भागांहून अधिक फरक राहता कामा नये. हे मापन त्यांनी बोट पाण्यात उतरवल्यावर पुन्हा केले, कारण जमिनीवर आणि पाण्यात बोटीचे अंग निराळे बसते. जेथे दांडा तळातून बाहेर पडतो, तेथे दोरीचे पॅकिंग असते. आपल्याकडील शेतकऱ्याला ते सांगावे लागत नाही. विहिरीवरच्या पंपाला जी ग्लँड दोरी, तीच ही. ती इतकी आवळायची नाही की दांडा तापेल, इतकी ढिलीही सोडायची नाही की बोट भरेल. थेंब थेंब गळायला हवे. पूर्ण न गळणारी ग्लँड चांगली, असे समजणारा माणूस पंप जाळतो, हे मामा कारखान्यातच शिकले होते.

2006 साली मामा परत आले. आदल्याच वर्षी, 2005 च्या महापुरात, शिरोळ तालुक्याने पाणी पाहिले होते. पंचगंगा आणि कृष्णा यांचा संगम आमच्या जवळच, नृसिंहवाडीला. नद्या फुगल्या की वाडी, कुरुंदवाड आणि काठावरील कितीतरी गावे पाण्याने वेढली जातात आणि मळ्यांतील वस्त्या बेटे होतात. काहिलीत माणसे बसवून बाहेर काढल्याच्या गोष्टी आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या होत्या. गुऱ्हाळाची ती अवाढव्य कढई रस आटवायची तशी पुरात माणसेही तरवायची. मामांनी हे सारे ऐकून घेतले आणि काही वर्षांनी, 2011 मध्ये, सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरून एका पर्यटन व्यावसायिकाची जुनी फायबरची बोट विकत आणली. आठ माणसांची, मागे टांगलेल्या इंजिनाची. स्लालमच्या बोटीची ऐट तिला कोठून असणार? तिने आयुष्यभर पर्यटकांना समुद्रात फिरवले होते. पण तिच्या मध्यभागी मामांनी एक लोखंडी खांब बसवला. आखातातून येताना त्यांनी सामानात एक जुनी स्लालमची दोरी आणली होती: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे पट्टे असलेली, टोकाला हाताने धरायची मूठ असलेली, पाण्यावर तरंगणारी. ती त्यांनी त्या खांबाशी गुंडाळून ठेवली. घरातील सर्वांना वाटले, म्हाताऱ्याने आठवणींसाठी एक खेळणे आणले.

मग वहीचे राज्य सुरू झाले. मृग नक्षत्राच्या आधी अमुक, पावसाळा संपल्यावर तमुक. गिअरचे तेल काढून पाहायचे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे, सील बदला. पंख्यामागे मासेमारीच्या जाळ्याचा धागा अडकला आहे का पाहा, कारण तोच धागा ते सील कापतो. उंदरांनी पेट्रोलची नळी कुरतडली आहे का पाहा. इंजिनात पेट्रोल ठेवून महिनोन्महिने सोडू नका. मामांची ही शेवटची सूचना आमच्या तालुक्यात मोठी गमतीची ठरली. आपल्याच उसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळू लागले. ते हवेतील दमटपणा ओढून घेते आणि साठून राहिलेल्या टाकीत पाणी तळाशी बसते. "पिकवा ऊस आणि साफ करा कार्बोरेटर," असे मामा हसत म्हणत. म्हणून चाचणी संपताना नळी काढून घ्यायची आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचे.

या वहीत लाल शाईने लिहिलेली एकच ओळ होती. इंजिन गार ठेवण्यासाठी नदीचेच पाणी वर खेचले जाते, आणि ते खेचतो एक रबरी पंखा, तळहातात मावेल एवढा. बोट उभी राहिली तर त्याची पाती एकाच बाजूला वाकून ताठरतात आणि एके दिवशी तुटतात. किंमत किरकोळ, बदलायला तासभर. "हा दर वर्षी, मृगाच्या आधी, चांगला दिसला तरी बदलायचा," ही ती ओळ.

2019 च्या मे महिन्यात मामांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. मिरजेच्या दवाखान्यात माझ्या फेऱ्या चालल्या होत्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पिंपात इंजिन चालवून पाहिले, पहिल्या झटक्याला सुरू झाले, धारही आली. रबरी पंखा नवा आणून ठेवलेला होता, तो कपाटातच राहिला. वहीत मी तारीख टाकली आणि लाल ओळीपुढे बरोबरची खूण केली. पंखा मागील वर्षी बदललाच आहे, एका वर्षाने काय होते, असा विचार त्या वेळी मनात आला, तो मला आजही शब्दशः आठवतो. ती खूण खोटी होती. माझ्या हयातीत मी विद्यार्थ्यांच्या वह्यांवर हजारो खुणा केल्या. त्यांत इतकी महाग खूण दुसरी नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी वाढू लागले. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट, सांगलीला आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस. सांगलीचे पाणी त्या आठवड्यात सत्तावन्न फुटांवर गेले. रस्ते बंद झाले, वीज गेली. 7 तारखेला दुपारी मी आणि माझा मुलगा बोट घेऊन निघालो. पहिली फेरी सुरळीत झाली. दुसऱ्या फेरीत मळ्यातील एका वस्तीवरून सहा माणसे घेतली: एक म्हातारी, तिची सून, कडेवरचे मूल, दोन मुली आणि एक वृद्ध गृहस्थ. खाली बुडालेला ऊस, वर तांबूस पाणी, त्यावर तरंगणारे पाचट. मी समोर पाहत होतो. मागची धार पाहण्याचे काम माझेच होते, ते राहून गेले. मुलगा ओरडला तेव्हा धार बंद झाली होती. इंजिनातून करपल्याचा वास आला आणि ते थांबले.

इंजिन थांबल्यावर पुराचा आवाज ऐकू येतो. तोपर्यंत तो मला ठाऊक नव्हता. उसाच्या रानावरचे पाणी संथ दिसते, पण ते संथ नसते; बोट आडवी होऊन हळूहळू सरकू लागली. पलीकडे बाभळींच्या शेंड्यांची ओळ होती आणि तिच्यापुढे नदीची मूळ धार, जिच्यातून झाडेच्या झाडे वाहत चालली होती. वल्ही होती, पण दोन वल्ह्यांनी आठ माणसांची बोट त्या ओढीत वळेना. म्हातारीने सुनेच्या कडेवरचे मूल आपल्याकडे घेतले आणि मला विचारले, "मास्तर, आता?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे फक्त कपाटातील तो नवा रबरी पंखा होता, पुठ्ठ्याच्या डबीत, कोरडा.

आमचे दैव असे, की एका पाण्यात उभ्या असलेल्या वाड्याच्या आडोशाला दोघे तरुण काहिलीतून वैरण नेत होते. मुलाने मामांची ती रंगीत दोरी सोडली आणि मूठ त्यांच्या दिशेने फेकली. पहिल्या खेपेला ती चुकली; पण ती दोरी बुडणारी नव्हती, ती पाण्यावर पसरली आणि प्रवाहानेच तिला काहिलीकडे नेले. एकाने मूठ धरली, दुसऱ्याने वेळूने काहील वाड्याकडे रेटली आणि दोरीचा वेढा वाड्याच्या दगडी खांबाला घातला. सव्वाअठरा मीटर दोरी ताणली गेली. ती मध्यभागाच्या खांबाला बांधलेली होती म्हणून बोट उलटीसुलटी न फिरता तोंड प्रवाहाकडे करून थांबली. मग आम्ही हातांनी दोरी ओढीत वाड्यापर्यंत आलो. लाल पट्टा, नारिंगी पट्टा, पिवळा, हिरवा, एकेक हाताखालून जात होता. आखातातील कुण्या खेळाडूला आखूड करून दिलेली ती दोरी आम्ही जिवाच्या भीतीने आखूड करीत होतो.

दुसऱ्या दिवशी, 8 ऑगस्टला, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली. क्षमतेपेक्षा अधिक माणसे तीत होती. सतरा जण गेले, त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. ती बातमी आम्ही निवारा छावणीत ऐकली. सहा माणसे जेथे सुखरूप बसली होती तेथेच मी बसलो होतो. त्या बोटीला किंवा तिच्या चालकांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नव्हता. तो त्या दिवशी कुणाला असलाच, तर मला निश्चितच नव्हता.

पाणी ओसरल्यावर मी मामांना सारे सांगितले. ते खाटेवर पाय लांब करून बसले होते. रागावतील, असे वाटले होते. त्यांनी वही मागवली, ती खोटी खूण पाहिली आणि म्हणाले, "बाळ, खूण खोडू नको. राहू दे तशीच." मग तुटलेल्या पंख्याची पाती मागून घेतली, हातावर ठेवून मोजली. सहापैकी चार मिळाली. "उरलेली दोन आतल्या वाटेत कुठंतरी अडकलीत. ती काढल्याशिवाय नवा पंखा बसवू नको. नवासुद्धा तापवील." आणि माझ्याकडून त्याच दिवशी, कण्हत कण्हत खुर्चीत बसून, त्यांनी ती दोन पाती शोधून काढून घेतली. उपदेशाचा एकही शब्द ते बोलले नाहीत. मला तो उपदेशाहून जड वाटला.

2021 च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आले. त्या वेळी रबरी पंखा नवा होता, धार पाहण्याचे काम मुलाकडे होते आणि बोटीत सहापेक्षा अधिक माणसे घ्यायची नाहीत, हे मी दोघांच्या वतीने ठरवून टाकले होते. मामांनी निघताना एकच सूचना केली: वस्तीतून जाताना वेग अगदी कमी ठेवा. बोटीचे तोंड वर उठते आणि मागे मोठी लाट येते, तो मधला वेग सर्वांत वाईट. "तिकडे लाट मोठी झाली तर खेळाडू पडायचा. इथे मातीची भिंत पडेल." खरोखरच, छातीइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या कच्च्या भिंतींजवळून जाताना आम्ही इंजिन जेमतेम चालू ठेवीत होतो आणि मागे वळून पाहत होतो, पाण्यावर सुरकुती उठावी एवढीच लाट. मागच्या खांबाला रंगीत दोरीने एक काहील बांधलेली होती, तीत शेळ्या आणि धान्याची पोती. बोट सरळ चालली होती. कुणी आमच्याकडे पाहत नव्हते. जो तो आपल्या माणसांना मोजत होता. मामा ज्याला बोटीची परीक्षा म्हणत, ती हीच असावी.

मला या संदर्भात एक जुनी गोष्ट नेहमी आठवते. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात करेक्ट क्राफ्ट नावाची बोटी बांधणारी एक कौटुंबिक कंपनी 1925 साली सुरू झाली. 1961 पासून तिची स्की नॉटिक ही बोट या खेळात नावाजली गेली. मामांची बोट त्या कंपनीची नव्हे. पण तिची गोष्ट त्यांनी क्लबात ऐकली होती. 1945 च्या प्रारंभी, ऱ्हाइन नदी ओलांडण्यासाठी सैन्याला तातडीने बोटी हव्या होत्या. त्या लहानशा कारखान्याने काही आठवड्यांत तीनशेहून अधिक बोटी बांधून दिल्या, आणि तेही रविवारी काम बंद ठेवून. पुढे खेळाची बोट बांधणारे हात आधी नदी ओलांडण्याच्या बोटीवर राबले होते. मामांच्या हातांचा प्रवास याच्या उलट झाला: आधी खेळ, मग नदी. खेळासाठी शिकलेली निगा वाया गेली नाही. सोळा सेकंदांसाठी वर्षभर खपण्याची सवय ज्याला लागली, त्याला महापुराची एक दुपार परकी वाटत नाही.

मामा 2023 च्या जानेवारीत गेले. वही माझ्याकडे आली. तिच्यातील ती खोटी खूण अजून आहे आणि तिच्याखालच्या प्रत्येक वर्षी रबरी पंखा बदलल्याची तारीख आहे. बोटही आता थकली आहे. गेल्या उन्हाळ्यात मुलाने तळाची लाकडी पट्टी हातोडीच्या दांड्याने ठोकली. एका जागी आवाज बसका आला. आम्ही ती जागा कापून उघडली आणि वेळीच भरून काढली. नवी बोट घ्यावी, असे काही जण सुचवतात. घेऊही कदाचित. पण नवीलाही पहिल्या वर्षीच पिंपापाशी उभे करावे लागेल.

2019 मध्ये आमच्या बोटीत बसलेल्या त्या म्हातारीचा मळा आता पुन्हा हिरवा आहे. बाजाराच्या दिवशी ती भाजीची पाटी घेऊन आमच्या दारावरून जाते. इतर लोक पिंपाकडे पाहून हसतात. ती हसत नाही. मे महिना लागला की पाटी ओट्यावर टेकवते, पदराने घाम पुसते आणि विचारते,

"मास्तर, रबर बदललासा न्हवं?"

मी आत जाऊन तिला जुना रबरी पंखा आणून दाखवतो. ती तो हातात घेऊन उलटसुलट पाहते, पाती मोजते, परत देते आणि पाटी डोक्यावर चढवून वाटेला लागते.